रोजच्या वापरातल्या गोष्टींमधून डिझाइन प्रकल्पाचा विषय कसा निवडावा?

निळी_शाई
प्रॉडक्ट डिझाइन, तिसरं वर्ष. आठ आठवडे, दोघींचा गट, खर्चाची मर्यादा तीन हजार रुपये. अट एवढीच की विषय रोजच्या जगण्यातला हवा आणि शेवटी हातात घेऊन वापरता येईल असा नमुना दाखवायचा. आमची यादी अशी: विळी, पाण्याची कळशी, केरसुणी, टपरीवरचा चहाचा ग्लास, दुधाची पिशवी, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, मुंबईचे जेवणाचे डबे. यातलं काय घ्यावं, आणि ते ठरवावं कशावरून? कुठे अडेल तेही सांगा, कृपया.

सुतारपक्षी
यादी चांगली आहे, पण त्यात सगळ्या वस्तू आहेत, काम एकही नाही. प्रत्येक वस्तूपुढे ती कोण, कुठे, कशासाठी, दिवसातून किती वेळा वापरतं ते लिहा. ‘कळशी’ ऐवजी ‘खालच्या नळावरून दुसऱ्या मजल्यावर पाणी चढवणं’. ‘केरसुणी’ ऐवजी ‘जिन्याच्या पायऱ्या वरून खाली झाडत येणं’. असं लिहिलं की अर्धी यादी आपोआप गळते, कारण काही वस्तूंपुढे काय लिहावं तेच सुचत नाही.

उरलेल्यांना तीन प्रश्न विचारा. हे काम चालत जाण्याच्या अंतरावर, एका आठवड्यात, तीस वेळा बघायला मिळेल का? त्यात मोजता येईल असं काही आहे का (सेकंद, ग्रॅम, किती वेळा वाकावं लागलं, किती वेळा हातातून निसटलं)? आणि नमुना कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दोन दिवसांत बनतो का? कारण तो एकदा नाही, किमान चारदा बनवावा लागेल.

डबे काढून टाका. डबेवाल्यांची सांकेतिक खूण, डोक्यावरची लाकडी पाटी, लोकलमधली जागा हे सगळं शंभराहून अधिक वर्षांत घासूनपुसून नीट बसलेलं आहे. अभ्यासाला उत्तम विषय, पण आठ आठवड्यांत त्यात भर घालण्यासारखं काही सापडत नाही. मग ऐनवेळी डब्याला झाकण नवं लावलं जातं आणि परीक्षक विचारतात, हे कोणी मागितलं होतं?

मोजपट्टी
विळीबद्दल सविस्तर लिहिते. हा विषय दिसतो सोपा, पण बहुतेक गट एकाच ठिकाणी अडकतात.

सुरीत एक हात पातं धरतो, दुसरा भाजी. विळीत पातं उभं राहतं आणि दोन्ही हात भाजीला मोकळे मिळतात. म्हणून मेथीची जुडी, कोबीचा गड्डा, सुरण, फणस विळीवर सुरीपेक्षा सोपे जातात. बाजारात कोळीण सुरमईचे तुकडे पाडते ते बघा: मासा दोन्ही हातांत, पातं स्थिर, तुकडा थेट खालच्या ताटात. पाट जागचा हलत नाही, कारण त्यावर तिचा पाय असतो. म्हणजे विळीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग पातं नाही, बसणाऱ्या माणसाचं वजन आहे.

आता हीच विळी ओट्यावर ठेवा. समजा भाजी पात्यावर ढकलताना ४ किलोचा जोर पडतो आणि तो पाटापासून १५ सेंमी उंचीवर पडतो. म्हणजे विळी पुढे उलटवणारा जोर (किलो गुणिले अंतर) ६० किलो-सेंमी. पाटाचं वजन दीड किलो, त्याचा मध्य पुढच्या कडेपासून १५ सेंमीवर; तो सावरतो साडेबावीस. उरले साडेसदतीस. पाटाच्या मागच्या टोकाला, ३० सेंमीवर, कोणीतरी सव्वा किलोने दाबून ठेवायला हवं. पण उलटण्याच्याही आधी ती घसरते, कारण ओल्या ग्रॅनाइटवर दीड किलोचा पाट चार किलोचा धक्का थोपवूच शकत नाही.

मग मुलं सक्शनचे पाय लावतात. गुळगुळीत, कोरड्या, सांधा नसलेल्या दगडावर ते धरतात. पीठ, तेलाचा ओघळ किंवा दोन फरशांमधली रेघ आली की सुटतात. खडबडीत कडप्प्यावर धरतच नाहीत. दुसरा उपाय म्हणजे ओट्याच्या कडेला क्लॅम्प. ग्रॅनाइट साधारण १८ ते २० मिमी, पण पुढच्या कडेला खालून पट्टी चिकटवलेली असते, तिथे जाडी जवळजवळ दुप्पट होते. म्हणून क्लॅम्पचा जबडा १५ ते ४५ मिमी उघडायला हवा. शिवाय ओट्याखाली ट्रॉल्या बसवलेल्या असतील तर क्लॅम्पचा स्क्रू फिरवायलाच जागा उरत नाही. हे घरोघरी जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही. किमान दहा ओटे मोजा.

आणि उंची. ओटा ८० ते ८५ सेंमी, त्यावर पात्याचे १५. हात जवळजवळ एक मीटरवर चालतात आणि बुटक्या बाईचे खांदे वर चढतात. भारतीय शरीरमापांसाठी एनआयडीने (राष्ट्रीय डिझाइन संस्था, अहमदाबाद) १९९७ मध्ये छापलेलं देबकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात असेल. त्यात उभ्या माणसाची कोपराची उंची बघा, आणि ज्यांच्यासाठी बनवताय त्यांचीही मोजा. परदेशी तक्त्यातली मापं घेऊ नका.

निळी_शाई
धन्यवाद ताई. पातं नमुन्यात खरं लावायचं का? वर्कशॉपमध्ये परवानगी मिळायला वेळ लागतो.

मोजपट्टी
पहिल्या तीन नमुन्यांत अजिबात नको. ३ मिमी प्लायचं पातं कापा, कड पॉलिश पेपरने गोल करा आणि पिकलं केळं किंवा मळलेल्या कणकेचा लांबट गोळा चिरायला द्या. पाट हलतो का, खांदा वर जातो का, बोट कुठे येतं, हे सगळं त्यातही दिसतं. विळीची धार माणसाच्या बाजूला असते हे विसरू नका. पाट नक्की हलत नाही याची खात्री झाल्यावरच पोलादी पातं.

कुंचा
केरसुणीबद्दल. आधी नावं नीट करा. शिंदीच्या पानांची ती केरसुणी, माडाच्या हिरांचा तो खराटा, आणि ईशान्येकडच्या डोंगराळ गवताच्या तुऱ्यांचा तो फुलझाडू. तिन्हींचं काम वेगळं. फुलझाडू फरशीवर आडवा ओढला की बारीक धूळ धरतो. खराटा ओलं पान आणि खडी ढकलतो. केरसुणी शेणाने सारवलेल्या जमिनीवर चालते, कारण ती जमीन उकरत नाही.

विद्यार्थ्यांचा नेहमीचा उपाय म्हणजे दांडा लांब करणं, म्हणजे वाकायला नको. पण फुलझाडूचा दांडा लांब केला की तुरे फरशीवर आडवे पडत नाहीत, टोकावर उभे राहतात. त्यामुळे धूळ गोळा होण्याऐवजी उडते आणि तुऱ्यांची टोकं महिनाभरात तुटतात. लांब दांडा हवा असेल तर खालचा पंखा दांड्याशी कोन करून बांधावा लागतो, आणि तो कोन किती हाच तुमचा खरा प्रकल्प होऊ शकतो. रस्ते झाडणारे सफाई कामगार खराट्याला बांबू बांधतात. तो चालतो, कारण हीर ताठ असतात आणि रस्त्यावर उडणारी धूळ चालवून घेतली जाते. घरात ती चालत नाही.

लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा होते, तिला पाय लागू देत नाहीत. म्हणजे पायाने दाबून उघडण्याची किंवा पायाने सरकवण्याची कुठलीही रचना बऱ्याच घरांत नाकारली जाईल. हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

हंडाकळशी
कळशी घ्यायची असेल तर ‘चुंबळ’ घ्या. डोक्यावर ठेवायची ती कापडाची कडी. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात लोट्याबद्दल प्रश्नांची माळ लावली आहे: किती पाणी मावावं, ते कोणाच्या हातातून, कमरेवर की डोक्यावर जाणार, भरल्यावर आणि रिकामं असताना तोल कुठे, ओतताना काय होतं, आतून घासता येतं का. एनआयडी १९६१ मध्ये निघाली ती त्या अहवालाच्या आधारावर. तेच प्रश्न चुंबळीला विचारा. जाडी किती, ओली झाल्यावर किती दबते, कळशीच्या बुडाची गोलाई आणि कडीचा आतला व्यास यांचा मेळ कसा बसतो.

आकडा लक्षात ठेवा: एक लिटर म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा हंडा भांड्याच्या वजनासकट सतरा-अठरा किलोवर जातो. दक्षिण आफ्रिकेत १९९१ मध्ये निघालेला, जमिनीवर लोळवत न्यायचा ९० लिटरचा पिंप पुष्कळांना माहीत आहे. सपाट मातीच्या वाटेवर तो उत्तम. चाळीच्या जिन्यावर किंवा घाटाच्या पायवाटेवर नव्वद किलो कोण चढवणार? आयता उपाय आपल्याकडे उचलून आणण्यापूर्वी वाटेचा चढ मोजा.

सुतारपक्षी
चुंबळीला अनुमोदन. खर्च जवळजवळ शून्य.

चहाच्या ग्लासाबद्दल थोडक्यात. त्याला उभ्या खाचा असतात म्हणून बोट फक्त उंचवट्यांना टेकतं आणि कमी भाजतं. बूड जाड असतं म्हणून आपटला तरी तग धरतो. त्यात बदल करायला काच ओतण्याचा साचा लागेल, तुमच्या खर्चात बसणार नाही. सहा ग्लास न्यायची तारेची जाळी मात्र तुम्हाला वाकवता येईल.

दुधाच्या पिशवीचा विषय लहान पण धारदार आहे. कोपरा पूर्ण कापला की नखाएवढा तुकडा सुटा होतो, तो मोरीतून गटारात जातो. भंगारवाला पिशवी घेतो, तुकडा कोणी घेत नाही. कोपरा अर्धवट कापून पिशवीलाच लटकता ठेवला की प्रश्न मिटतो, पण मग दूध त्या लटकत्या तुकड्यावरून ओघळतं. इथे काम कात्रीचं आहे की पिशवीवर छापलेल्या रेघेचं, ते शोधा.

निळी_शाई
सगळं वाचून आम्ही दोन उरवले: चुंबळ आणि गोळ्यांची पट्टी. नळावर पहाटे पाणी येतं, वसतिगृहातून त्या वेळी निघता येत नाही, म्हणून तीस वेळा बघणं जमणार नाही. मेडिकलची दुकानं मात्र पाच मिनिटांवर तीन आहेत. काम असं लिहिलं: ‘दुकानदार पट्टीतून चार गोळ्या कापून देतो, घरी गेल्यावर माणसाला त्यांचं नाव, मुदत आणि कधी घ्यायची ते कळत नाही.’ चालेल?

खलबत्ता
चालेल, आणि गरजेचा विषय आहे. काउंटरच्या आतल्या बाजूचं सांगतो.

पट्टीवरचं औषधाचं नाव आणि घटक फॉइलवर आधीच छापून येतात, म्हणून ते मागच्या बाजूला पुन्हा पुन्हा दिसतात. बॅच नंबर, मुदत आणि किंमत दर बॅचला बदलते. ती पॅकिंगच्या यंत्रावर चालू लाइनमध्ये उमटवतात, आणि बहुतेक वेळा एकाच कडेला. कधी कधी शाई नसते, नुसता ठसा दाबलेला असतो. त्या कडेचा तुकडा कापला गेला की उरलेल्या गोळ्यांना मुदत राहत नाही. जबाबदार दुकानदार उलट्या टोकापासून कापत येतो आणि मुदतीची कड शेवटपर्यंत दुकानात राखतो. त्याने दुकानाचा हिशोब राहतो, पण गिऱ्हाइकाच्या हातात मुदत नसलेलाच तुकडा जातो.

काही मोठ्या रुग्णालयांत एकेका गोळीची सुटी पट्टी वापरतात. प्रत्येक कप्प्यावर नाव, बॅच, मुदत, आणि मध्ये फाडायची टिंबांची रेघ. त्याला फॉइल जास्त लागतं आणि छपाई कप्प्याशी जुळवावी लागते. हे तुमच्या हाताबाहेरचं. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला, पण तोही पट्टीवर एका जागी असला की कात्रीत सापडतो. म्हणून ‘कोड स्कॅन करा’ हे उत्तर मांडू नका.

तुमच्या हाताशी आहे ते कागदी पाकीट. ते दुकानात आधीपासून आहे, गोळ्या त्यातच जातात, आणि आज ते कोरं असतं. संध्याकाळी गर्दीत एका गिऱ्हाइकासाठी पाकिटावर लिहायला दहा सेकंदांहून जास्त मिळत नाहीत, म्हणून दहा सेकंद ही पहिली अट मांडा.

मोजपट्टी
बघायला जाताना कागद असा आखा: वेळ, किती औषधं, किती पट्ट्या कापल्या, मुदतीची कड कोणाकडे राहिली, दुकानदार तोंडी काय बोलला, लिहिलं असेल तर कशावर, गिऱ्हाइकाने पुन्हा काय विचारलं. एका ओळीत एक गिऱ्हाईक. सकाळी अकरा आणि संध्याकाळी सात, दोन्ही वेळांना तास-तासभर. दुकानदाराची परवानगी आधी घ्या. चिठ्ठीचा फोटो काढू नका, रुग्णाचं नाव लिहू नका, आजार विचारू नका.

आणि लोकांना ‘तुम्हाला काय अडचण येते?’ असं विचारू नका, उत्तर ‘काही नाही’ येतं. ‘घरी गोळ्या कुठे ठेवता ते दाखवाल का?’ असं विचारा. मग लोणच्याच्या बरणीत सगळे तुकडे एकत्र, रबर लावलेले गठ्ठे, चष्म्याच्या डबीत दोन, असं खरं चित्र समोर येतं.

अक्षरजुळणी
पाकिटावरच्या मजकुराबद्दल, कारण सगळं यावर अवलंबून आहे.

‘१-०-१’ अशी खूण डॉक्टर लिहितात, सकाळ-दुपार-रात्र. ती तशीच छापू नका. हाताने घाईत लिहिलेले देवनागरी १ आणि ९ एकसारखे दिसतात. देवनागरी ४ हा इंग्रजी आठासारखा वाचला जातो. एकाच घरात आजी देवनागरी आकडे वाचते आणि नातू इंग्रजी, त्यामुळे ही चूक होणारच. म्हणून आकड्याऐवजी भरायचं वर्तुळ द्या. सकाळी, दुपारी, रात्री असे तीन चौकोन, प्रत्येकात दोन पोकळ वर्तुळं. एक गोळी म्हणजे एक वर्तुळ पेनाने भरलं. चौकोनाखाली ‘जेवणाआधी / जेवणानंतर’, नको ते खोडायचं.

देवनागरी इंग्रजीपेक्षा मोठी छापावी लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांना जागा गेली की अक्षराचं मुख्य अंग त्याच पॉइंटात (छापील अक्षराचं माप) लहान उरतं. इंग्रजी ८ पॉइंट जिथे वाचता येतं तिथे देवनागरी १० ते ११ धरा. वयस्कांसाठी १४ पेक्षा खाली जाऊ नका. बारीक रेघांचा फॉन्ट टाळा. भुऱ्या कागदावर पिवळा आणि फिकट निळा दिसत नाही. सूर्य-चंद्राची चित्रं काढायची तर फक्त काळ्या रंगात काढून बघा. उगवता आणि मावळता सूर्य सारखाच दिसतो, त्यामुळे सकाळ आणि संध्याकाळ यांत गोंधळ होतो.

पुठ्ठा
नमुना बनवण्याचं. ६० ते ७० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), कोटिंग नसलेला कागद घ्या. चकचकीत कागदावर बॉलपेन घसरतं आणि जेल पेनची शाई हाताला लागते. आकार ठरवण्याआधी दुकानातून वेगवेगळ्या पंधरा-वीस पट्ट्यांची लांबी-रुंदी घ्या आणि सर्वांत रुंद पट्टीच्या अर्ध्या तुकड्याला पुरेल असं तोंड ठेवा. घडीची जोडपट्टी १० मिमी, त्याहून कमी घेतली तर पट्टीच्या टोकदार कोपऱ्याने शिवण उकलते. तो कोपरा आतून कागद फाडतोच, म्हणून रिकाम्या कापलेल्या पट्ट्या घालून, खिशात ठेवून, दिवसभर चालून बघा. लेखणीने भरायची जागा घडीवर येऊ देऊ नका.

चिकटवायला साधा पांढरा फेविकॉल, पातळ थर. वरच्या तोंडाला चिकट पट्टी नको, दहा सेकंद तिथेच संपतात. एक उभी घडी पुरे.

छापताना प्रिंटरच्या खिडकीत ‘कागदावर बसवा’ ही निवड बंद करून शंभर टक्क्यांवर छापा. चालू राहिली तर सगळं तीन-चार टक्के आकसतं आणि १४ पॉइंट म्हणून तपासलेलं अक्षर १४ नसतं. बाजूला ५० मिमीची रेघ छापा आणि दर वेळी फूटपट्टीने मोजा.

चाचणीला खऱ्या गोळ्या वापरू नका. रिकाम्या पट्ट्यांत साबुदाणा भरून मागे सेलोटेप लावा.

निळी_शाई
पहिला नमुना छापला आणि एका दुकानदारांना दहा खोट्या चिठ्ठ्या भरायला दिल्या. सरासरी चौदा सेकंद. वर्तुळं भरण्यात वेळ जात नाही, औषधाचं नाव लिहिण्यात जातो. नाव काढून टाकलं तर?

खलबत्ता
नाव काढू नका. घरी दोन पांढऱ्या गोळ्यांमधला फरक नावावरूनच कळतो. नाव पट्टीच्या तुकड्यावर मागे छापलेलंच असतं. पाकिटाला एक खिडकी कापा, साधारण २० बाय ३० मिमी, तुकडा उलटा सरकवला की नाव दिसेल. लिहायचं नाही, वाचायचं. मुदतीसाठी मात्र महिना आणि वर्ष लिहायला दोन लहान चौकोन हवेतच, ते चार आकडे आहेत, तीन सेकंदांचं काम.

एक गोष्ट राहिली. ‘अर्धी सकाळी, अर्धी रात्री’ असं पुष्कळ चिठ्ठ्यांत असतं. वर्तुळ अर्धं भरलं की घाईत ते पूर्ण भरल्यासारखं दिसतं. वर्तुळाच्या मधोमध उभी रेघ आधीच छापा आणि दहातल्या तीन खोट्या चिठ्ठ्या अर्ध्या गोळीच्या ठेवा.

अक्षरजुळणी
रेघ छापताना ०.५ पॉइंटपेक्षा जाड नको, नाहीतर रिकामं वर्तुळही भरल्यासारखं वाटेल. वर्तुळाचा व्यास ७ मिमी धरा. पाचवर उतरलं की बॉलपेनने अर्धा भाग नेमका भरता येत नाही, आणि नऊच्या वर गेलं की दुकानदार भरायचं सोडून बरोबरची खूण करतात. मग अर्धी आणि पूर्ण यांतला फरकच राहत नाही.